अर्ध्या कमानीखाली खुर्ची

सांध्यावर सांधा आणला म्हणून मुरलीधर मांडवकरने वयाच्या बाराव्या वर्षी बापाची थोबाडीत खाल्ली होती. गाव लांजा तालुक्यातलं, बाप चिऱ्याचा गवंडी. खालच्या दोन चिऱ्यांमधली फट वरच्या चिऱ्याने झाकली पाहिजे, नाहीतर भिंत त्या फटीतून वरपर्यंत उकलते, इतकी साधी गोष्ट. ती विसरला म्हणून बापाने आधी मारलं आणि मग चार थर उतरवून पुन्हा चढवायला लावले.

त्याला आता बेचाळीस वर्षं होऊन गेली. त्यातली तीस वर्षं मुरलीधरने आखातात काढली. आधी शारजात टॉवरांची ब्लॉकची कामं केली. मग बर दुबईत खाडीकाठच्या जुन्या घरांची दुरुस्ती केली, तिथे तो समुद्रातला दगड आणि चुना शिकला. गेली नऊ वर्षं तो अल ऐनमध्ये होता, बागा करून देणाऱ्या एका कंपनीत मुख्य गवंडी. हाताखाली तीन माणसं. बायको हेमा गावी, मुलगी लग्न होऊन चिपळूणला. स्वभावाने तापट, पण त्याच्या तापटपणाला कंपनीत कोणी मनावर घेत नसे, कारण त्याचा राग नेहमी दगडावरून असे. कोणी दगड उलटा बसवला, कोणी ओळंबा न लावता नजरेने भिंत चढवली, की मुरलीधरचा आवाज दुसऱ्या साइटवर ऐकू जाई.

गेल्या नोव्हेंबरात प्रोजेक्ट मॅनेजर यहयाने त्याला केबिनमध्ये बोलावलं. यहया मूळचा सीरियाचा, पण वीस वर्षं कामगारांत राहून त्याचं मोडकं हिंदी पक्कं झालेलं.

"मुरली, नया काम है. गिरा हुआ किला बनाने का," तो म्हणाला.

"गिरा हुआ है तो रिपेअर करने का ना?"

"नहीं हबीबी. नया बनाने का. गिरा हुआ."

मुरलीधरला वाटलं, भाषेचा घोटाळा झाला. पण यहयाने एक मोठा कागद पसरला. हफीत डोंगराच्या बाजूला एक बागेचं हॉटेल होत होतं. तळ्याच्या पलीकडच्या काठावर कागदात एक उंच भिंत दाखवलेली, तिच्यात टोकदार खिडकी, खिडकीला ना झडपा ना मागे खोली. भिंतीतून एक कमान निघालेली आणि हवेतच थांबलेली. शेजारी गोल बुरुजाचं बुडखं. गवतात पडलेले दगड.

"हे बांधायचं? असं?" मुरलीधर मराठीतच बोलून गेला.

"हो काका, असंच," कोपऱ्यातून मराठीतच उत्तर आलं.

ती मिहिका. डिझाइन करणाऱ्या ऑफिसची ज्युनियर आर्किटेक्ट, सव्वीस वर्षांची, शारजात अल मजाजला वाढलेली. तिने फोनवर एक जुनं चित्र दाखवलं. "हे इंग्लंडचं आहे. अठराव्या शतकातलं. तिकडे त्या वेळी मोठमोठे लॉर्ड लोक आपल्या गार्डनच्या एन्डला असे रुइन्स मुद्दाम बांधून घ्यायचे. घराच्या खिडकीतून लांबून बघायला. म्हणजे त्यांना बघून काहीतरी फील व्हायचं. काळ कसा जातो, वगैरे."

"नवीन बांधून घ्यायचे? पडलेलं?"

"एकदम नवीन. आणि फक्त पुढून. मागे साधी वीट आणि टेकू. काही ठिकाणी तर मागे गाई बांधायचे."

मुरलीधरने चित्राकडे बघितलं आणि त्याचे कान तापले. "ज्यांच्याकडे सगळं धड असतं त्यांनाच असलं सुचतं. आमच्याकडे घर पडलं तर माणूस लाजतो. हे गडी पैसे मोजून पाडून घेतात! आणि हे बांधणारे गवंडी कुठे राहायचे, ते आहे का चित्रात?"

मिहिकाने फोनवरचं चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं. मग म्हणाली, "नाही काका. ते ड्रॉइंगमध्ये नसतं."

"नसणारच."

तरी काम त्याने घेतलं. घेतलं नसतं तर यहयाने दुसऱ्या कोणाला दिलं असतं, आणि दुसरा कोणी ते सिमेंटने लिंपून वर रंगाचे फराटे मारून मोकळा झाला असता. तेही मुरलीधरला सहन झालं नसतं.

पहिलं भांडण भिंतीच्या वरच्या कडेवरून झालं. कागदावर ती कड फाटलेल्या भाकरीसारखी काढलेली होती, वर खाली, टोकंच टोकं. मुरलीधरने मिहिकाला मचाणाशी बोलावलं.

"मॅडम, भिंत पापडासारखी मोडत नाही. ती सांध्यातून सुटते. एक दगड गेला की वरचे दोन सैल होतात, म्हणून ती पायऱ्या पायऱ्यांनी उतरते. हे तुम्ही काढलंय ते कोणीतरी दाताने तोडल्यासारखं दिसतं."

मिहिकाचा चेहरा पडला. पण दुसऱ्या दिवशी ती नवा कागद घेऊन आली आणि त्यावर कड पायऱ्यांनी उतरत होती. मुरलीधरने तो उलटसुलट करून पाहिला. "आता ही भिंत पडली असं वाटतं," तो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

मग दगडांची पाळी आली. कंपनीने पडलेले दगड म्हणून ट्रकभर गोटे आणून टाकले. मुरलीधरने ट्रकवाल्यालाच फैलावर घेतलं. कमानीचे जे दगड गळून पडले ते कमानीचेच असायला नकोत का? त्याने नसलेल्या अर्ध्या कमानीला किती दगड लागले असते ते मोजलं. नऊ. त्यातले चारच त्याने घडवले, आणि चारही कुठे ना कुठे टवका उडालेले.

"बाकीचे पाच?" मिहिकाने विचारलं.

"ते लोकांनी नेले. पडक्या जागेतला चांगला दगड कधी राहतो का? ज्याला गोठ्याला, विहिरीला लागेल तो उचलतो. मागे राहतात ते फुटके. तुमच्या त्या इंग्रजांच्या गावातही माणसं असतीलच की."

मिहिकाने ते आपल्या वहीत लिहून घेतलं. इतकी वर्षं लोकांनी त्याच्या हातचं काम घेतलं होतं, पण त्याचं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं. तो उगाचच खाकरला आणि माणसांवर ओरडायला गेला.

अर्धी कमान सगळ्यात कठीण. अख्खी कमान आपल्या पायावर उभी राहते. दोन्ही बाजू एकमेकींना रेटतात, मधला कळीचा दगड त्यांना धरून ठेवतो, आणि खालचा लाकडी साचा काढला की ती आणखीच घट्ट बसते. अर्ध्या कमानीला रेटायला समोर कोणीच नाही. ती पडणारच. तिला न पडू द्यायचं तर चोरून धरावं लागतं. म्हणून कमानीच्या दगडांतून आरपार लोखंडी सळया घातल्या, त्या भिंतीतून मागे नेल्या, आणि भिंतीच्या पाठीशी घडीव दगडांचा एक जाडजूड टेकू बांधून त्यात पुरल्या. पुढे कमान ओढते, मागे टेकू धरतो. हे मिहिकाने कागदावर काढलं आणि मुरलीधरने दगडात केलं. दोघांनी मिळून तीन वेळा सळयांची जागा बदलली. मोडकं बांधायला धडक्यापेक्षा जास्त अक्कल लागते, हे त्याला तिथे कळलं, आणि कळल्यावर तो त्या भिंतीच्या प्रेमातच पडला.

एका रविवारी दुपारी त्याने ते हेमाला व्हिडिओवर दाखवलं. "अहो, हे पडलंय की!" ती म्हणाली. मुरलीधरने तिला पाऊण तास समजावलं. शेवटी ती "बरं, बरं, तुम्ही जेवलात का?" म्हणाली, तेव्हा त्याचा असा संताप झाला की त्याने फोन ठेवून दिला आणि पाच मिनिटांनी जेवल्याचं सांगायला परत लावला.

फेब्रुवारीत काम संपत आलं. लाकडी साचा उतरला, कमान हवेत तशीच राहिली. वेलींचं आणि वरच्या कडेला चुना भरायचं काम तेवढं उरलं होतं. यहयाने प्लास्टिकच्या पानांचे गठ्ठे मागवले होते आणि मुरलीधरने ते गोदामात असे काही मागे ढकलले होते की कोणाला सापडत नव्हते.

मग एक फोटोग्राफर आला. हॉटेलात लग्नं व्हायची होती, त्यांच्या जाहिरातीसाठी. त्याने तळ्याकडून फोटो काढले, खूश झाला. मग बुरुजाच्या बाजूला गेला आणि तिथून त्याला भिंतीच्या पाठीचा तो टेकू दिसला. नवरी पुढे आणि मागे हे दगडी कुबड. त्याने हॉटेलवाल्यांना सांगितलं, हॉटेलवाल्यांनी यहयाला, आणि यहयाने दुबईच्या डिझाइन ऑफिसात ईमेल टाकला. चार दिवसांत उत्तर आलं. टेकू अर्ध्यावर उतरवायला हरकत नाही. खाली एका इंजिनियरची सही.

सोमवारी सकाळी यहया तो कागद घेऊन साइटवर आला. बरोबर मिहिका होती, आणि हॉटेलची दोन माणसं.

"मुरली, ये आधा काटने का. थर्सडे तक. यल्ला."

मुरलीधरने कागद घेतला नाही. "साब, ये काटेगा तो कमान आगे आयेगा. भिंत के साथ."

"इंजिनियर सही किया है."

"इंजिनियर आया था इधर?"

यहयाने खांदे उडवले. "सब ड्रॉइंग में है."

"ड्रॉइंग में अख्खा टेकू है. वो ही गिनती से सळया डाला है. वो इधर आया था क्या, मैं पूछता हूँ?"

नव्हता आला, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या माणसाला साइटवर कोणी कधी पाहिलं नव्हतं. मुरलीधरने आवाज खाली आणून दुसरा मार्ग सांगितला. टेकूवर मातीचा उंचवटा चढवायचा, वर वेली सोडायच्या. पडक्या वास्तूपाशी मातीचा ढीग असतोच, बघणाऱ्याला तो खराच वाटेल. आठवडाभराचं काम. यहया मान हलवत राहिला. आठवडा नव्हता. गुरुवारी फोटो पुन्हा काढायचे होते.

"और गिरेगा तो गिरेगा," तो हसून हॉटेलवाल्यांकडे बघत म्हणाला. "गिरा हुआ ही तो है, किसको पता चलेगा?"

हॉटेलवालेही हसले.

त्या हसण्याने मुरलीधरचं डोकं फिरलं. ही कमान लहान नव्हती, माणसाच्या दुप्पट उंचीवर होती. तिच्याखाली नवरा नवरी उभी राहणार, मुलं खेळणार, झाडलोट करणारी माणसं सावली म्हणून बसणार. आणि हा म्हणतो, कोणाला कळणार! तो तरातरा कामगारांच्या शेडमध्ये गेला, तिथली एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली आणि अर्ध्या कमानीच्या बरोबर खाली ठेवली.

"ठीक है. मैं काटता है. इंजिनियर साब को बुलाओ, इधर बिठाओ, चाय पिलाओ. वो बैठेगा तो मैं काटेगा. वो नहीं तो तुम बैठो."

"मुरली, पागल मत बनो."

"बैठो ना साब! आपने तो कागज देखा है!"

यहया ओरडायला लागला. तू गवंडी आहेस, इंजिनियर नाहीस, तुला काय कळतं, तुला कोणी विचारलं, एका दिवसात घरी पाठवीन. मुरलीधरचे तिघे गवंडी हातातलं टाकून बघत उभे होते. हॉटेलवाले मागे सरकले. मुरलीधरने त्या ओरडण्याकडे लक्षच दिलं नाही. तो मिहिकाकडे वळला.

"तुम्ही बोला. सळयांची गणितं तुमची आहेत. तीनदा बदललीत माझ्यासमोर. टेकू अर्धा केला तर काय होईल, सांगा यांना."

मिहिका टॅबलेटकडे बघत होती. "काका, अप्रूव्हल आलंय ना... मी ज्युनियर आहे. माझ्या सहीने काही होत नाही."

"मी सही कुठे मागतोय? खरं काय ते बोला एवढंच म्हणतोय."

ती बोलली नाही.

"मग तुम्ही बसा," मुरलीधर म्हणाला.

खुर्ची रिकामीच राहिली. यहयाने मुरलीधरला साइटवरून जायला सांगितलं आणि तो गेला, पण जाण्याआधी टेकूला हात लावायचा नाही असं आपल्या तिघांना बजावून गेला. त्यांनी लावला नाही. "उस्ताद मना किया," एवढंच ते यहयाला सांगत राहिले. यहयाला दुसरी माणसं आणायला दोन दिवस लागणार होते.

मंगळवारी मुरलीधरला शहराबाहेर एका फुटपाथच्या कामावर धाडलं. सिमेंटचे तयार ठोकळे वाळूवर बसवायचे, रबरी हातोडीने ठोकायचे. ज्याच्या हाताने घडीव कमान उभी केली त्याने गुडघ्यांवर रांगत ठोकळे ठोकले. रागाने त्याला जेवण जाईना. यहयाचा राग होताच, तो धंद्यातला राग. मिहिकाचा राग वेगळा होता. तिला सगळं कळत होतं. ज्याला कळत नाही त्याने गप्प बसणं एक, आणि हे एक.

बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला. त्याने तीनदा वाजू दिला आणि चौथ्यांदा उचलला.

"काका, काम थांबलंय," ती म्हणाली. "मी काल रात्रभर कॅल्क्युलेशन केलं. टेकू अर्धा केला तर भिंत उभी राहत नाही. म्हणजे वारा नसतानाही नाही. मी ते सगळ्यांना ईमेल केलं, आणि लिहिलं की टेकू काढणार असाल तर ड्रॉइंगवरून माझं नाव काढा. दुसरे इंजिनियर आज साइटवर येऊन बघून गेले. टेकू राहणार. मातीचा उंचवटा करायचा म्हणतायत. तुमचीच आयडिया."

मुरलीधरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बॉस खूप चिडलेत माझ्यावर. काका? आहात ना?"

"आहे. मला सांगा, मी सोमवारी काय वेगळं बोललो होतो?"

"नाही काका. सेमच."

"मी तोंडाने सांगितलं तेव्हा ते खोटं होतं. तुम्ही कागदावर आकडे लिहिलेत तेव्हा खरं झालं. तीस वर्षं मी भिंती बांधतोय, माझ्या हाताला कळतं कुठली भिंत पडणार. पण हाताला कोण विचारतो?"

"मी सोमवारी बोलायला पाहिजे होतं. मी घाबरले. सॉरी."

"घाबरलात ते कळतं मला. मीही घाबरलो होतो, काय समजलात? माझी नोकरी लोखंडाची आहे का?" आणि मग आवाज न उतरवता तो म्हणाला, "पण नाव काढा म्हणालात ते बरं केलंत."

त्याचं फुटपाथचं काम मात्र सुटलं नाही. बेशिस्तीबद्दल त्याला एक पत्र मिळालं, इंग्रजीत, त्यावर त्याने सही करायला नकार दिला. उंचवट्याचं काम यहयाने दुसऱ्या गवंड्याकडून करून घेतलं. मग मार्चच्या सुरुवातीला अल ऐनला दोन दिवस जोराचा पाऊस झाला. मुरलीधरचं एक काम अर्धवट राहिलेलं होतं. भिंतीच्या वरच्या कडेला, पायऱ्या पायऱ्यांच्या सांध्यांत, चुन्याचा उतार करायचा असतो, म्हणजे पाणी आत न मुरता बाहेर ओघळतं. दुसऱ्या गवंड्याने तिथे सपाट सिमेंट भरून दिलं होतं. त्यावर पाणी साचलं, सिमेंटला चिरा पडल्या, त्यातून पाणी भिंतीत उतरलं आणि दर्शनी बाजूला लांबच लांब डाग उमटले. वरचे दोन दगड हलू लागले.

दुसऱ्या आठवड्यात यहयाची गाडी फुटपाथपाशी येऊन थांबली. तो उतरला. ऊन तापलेलं होतं. मुरलीधर गुडघ्यांवर होता, तो उठला नाही.

"मुरली, कल से उधर वापस."

"क्यूं?"

"पानी अंदर जाता है. तुम ही करो."

मुरलीधरने हातातला ठोकळा बसवला, चारी कोपरे ठोकले. "आयेगा. लेकिन साब, आपने मेरे तीन आदमी के सामने बोला, मुरली को कुछ मालूम नहीं. उन तीन के सामने बोलो, मुरली को मालूम था. फिर आयेगा."

यहया रागाने लाल झाला. हॉटेल उघडायला दहा दिवस होते. तो गाडीत बसून निघूनही गेला. मुरलीधरला वाटलं, आता घरचं तिकीट. त्याने संध्याकाळी बॅगेवरची धूळ झटकून ठेवली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची व्हॅन त्याला न्यायला आली. साइटवर तिघे गवंडी उभे होते, मिहिका होती. यहया घाईघाईने आला, फोन कानाशी, दुसरीकडेच बघत.

"सुनो. मुरली दीवार के बारे में ठीक बोला था," तो म्हणाला. "खलास?"

"खलास नहीं," मुरलीधर म्हणाला. "वो चिठ्ठी वापस लो. और आगे से इंजिनियर देखे बिना सही करेगा तो मैं पत्थर को हाथ नहीं लगायेगा. ये भी बोलो."

यहयाने फोन खाली घेतला. त्याच्याकडे बघितलं. "चिठ्ठी मैं फाड़ दूंगा. बाकी इन्शाल्ला."

"इन्शाल्ला" म्हणजे काय ते तीस वर्षांत मुरलीधरला चांगलं कळलं होतं. पण चिठ्ठी खरोखर फाटली, मिहिकाने तसं कंपनीच्या ऑफिसातून लिहून आणून दाखवलं. मुरलीधर मचाणावर चढला, सपाट सिमेंट छिन्नीने काढून टाकलं, चुना मळला आणि सात दिवसांत कडेचा एकेक सांधा उताराने भरला. हललेले दोन्ही दगड पुन्हा बसवले. मिहिका रोज दुपारी वर चढून यायची आणि तो काय करतोय ते विचारायची. पहिले दोन दिवस त्याने तिला एकेका शब्दात उत्तरं दिली. तिसऱ्या दिवशी थापी तिच्या हातात दिली आणि ती चुकल्यावर तिच्यावर ओरडला, अगदी आपल्या माणसांवर ओरडायचा तसा. तिला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

हॉटेल उघडलं. समारंभाला ऑफिसची मोठी माणसं आली, गवंड्यांना कोणी बोलावलं नाही, आणि त्याबद्दल मुरलीधर आठवडाभर धुमसत होता. भिंत उभी आहे. गेल्या महिन्यात आणखी एका बागेचं काम निघालं, कारंजाचं. पहिल्याच दिवशी एक तरुण इंजिनियर कागद घेऊन आला आणि मुरलीधरपुढे धरला. मुरलीधरने हात मागे घेतले.

"आपने जगह देखी?"

"अभी नहीं, बाद में..."

"चलो मग," मुरलीधर म्हणाला, आणि त्याला उन्हात पुढे घालून खड्ड्याकडे घेऊन गेला.